पुणतांबे, हळदोणे, दादर : स्विंगनृत्याच्या शिक्षकांची पूर्वपीठिका

नृत्याचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा गुरूपासून प्रारंभ करतात. घराणे कोणते, गुरू कोण, त्याने कोणास घडविले, या क्रमाने विवेचन पुढे सरकते. रंगमंचीय नृत्याच्या बाबतीत ही पद्धत सोयीची आहे. परंतु जे नृत्य प्रेक्षकांसाठी नसून लोकांनी आपापसांत नाचावयाचे असते, त्याच्या बाबतीत ती लंगडी पडते; कारण तेथे गुरू असतोच असे नाही, आणि असला तरी त्यास आपण गुरू आहोत याची जाणीव असतेच असे नाही. अमेरिकेतील ब्लूज व स्विंग ही नृत्ये या दुसऱ्या वर्गात मोडतात. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, भाडे भागविण्यासाठी भरविलेल्या घरगुती मेजवान्यांत आणि १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात उघडलेल्या 'सॅव्हॉय' नृत्यगृहाच्या लाकडी तक्तपोशीवर ती वाढली. तेथे शिकणारा पाहून शिकत असे, आणि ज्यास पाहावयाचे तोही आदल्या वर्षी असाच कोणाला तरी पाहून शिकलेला असे.

हेच नृत्य मराठी भाषिकांपर्यंत कसे पोहोचले, आणि ते पोहोचविणारे कोण होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता मुंबईतील एखाद्या नृत्यशाळेचे नाव हाती येईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हाती येतात ती तीन गावे : अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) गोदाकाठचे पुणतांबे, गोव्याच्या बार्देस तालुक्यातील हळदोणे, आणि मुंबईतील गिरणगावाच्या उंबरठ्यावरचे दादर. पुणतांब्यात १९१८ मध्ये रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच पुढील काळातील संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म झाला. हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून प्रसिद्धीस आले. आणि अमरावतीस जन्मून मुंबईच्या चाळींत वाढलेले भगवान आबाजी पालव हे चित्रपटसृष्टीत भगवानदादा झाले. तिघांपैकी एकानेही नृत्याचा वर्ग चालविला नाही. तरीही लाखो मराठी माणसांचे पाय स्विंगच्या लयीवर प्रथम हलले ते या तिघांमुळे. १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात तिघांची कामगिरी एकत्र आली, म्हणून त्या चित्रपटाकडे येथे एक पाठ्यग्रंथ या दृष्टीने पाहावयाचे आहे.

मुंबईत बॉलरूम नृत्य नव्हते असे नाही. किंबहुना १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपले पथक घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि त्यानंतर टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक तेथे रमले, तेव्हापासून अव्वल दर्जाचा जाझ मुंबईत ऐकू येत होता. नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या २०१२ मधील ग्रंथात या कालखंडाचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. परंतु त्या नृत्यदालनात नाचणारे कोण? युरोपीय अधिकारी व व्यापारी, संस्थानिक, आणि पाश्चात्त्य वळणाची मूठभर धनिक कुटुंबे. ते शिकत होते ती पद्धतही हार्लेमची नव्हती. इंग्लंडमध्ये १९२० नंतरच्या दशकात नृत्यशिक्षकांच्या संघटनेने फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ इत्यादी नृत्यांचे पदन्यास ठरवून दिले होते; ताठ पाठीचा कणा, स्थिर खांदे आणि पुस्तकात आखून दाखवावीत अशी पावले हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य. म्हणजे वाद्यवृंद हार्लेमचा आणि पावले लंडनची, असा तो प्रकार होता. शिक्षकाची पूर्वपीठिका नृत्याला किती बदलून टाकते याचे हे पहिले उदाहरण, आणि ते मराठी समाजाच्या बाहेरचे असले तरी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या दालनात चिक चॉकलेट होते. परंतु ते वाजविणाऱ्यांच्या बाजूस होते, नाचणाऱ्यांच्या नव्हे. हा भेद क्षुल्लक नाही. गोव्यातील खेडोपाडीच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास, गावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. उपासनेसाठी दिलेले हे शिक्षण पोटासाठी मुंबईस आलेल्या गोवेकर तरुणांना उपयोगी पडले. हॉटेलांची वाद्यवृंदे, मूकपटांची चित्रगृहे, पोलिसांचे व पलटणींचे बँड, आणि पुढे चित्रपटांची ध्वनिमुद्रणे ही सारी क्षेत्रे त्यांनी भरून काढली. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिक चॉकलेट ताजमध्ये स्वतःचे पथक चालवीत होते आणि लुई आर्मस्ट्राँगचा भारतीय अवतार म्हणून त्यांची ख्याती होती. स्विंगची लय ज्याला आतून ठाऊक होती असा मुंबईतील अधिकारी पुरुष कोण, असे विचारले तर त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पण अधिकार असूनही नाचणाऱ्यांच्या मधोमध उभे राहण्याचा हक्क वादकाला नव्हता. तो चौथऱ्यावर, नाचणारे खाली. शिक्षक वर्गातच आहे, पण त्याने शिष्यांशी बोलावयाचे नाही, अशी ती स्थिती होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर नृत्यगृहांची कमाई आटली आणि हे वादक अधिकाधिक संख्येने चित्रपटांकडे वळले. कायदा करणाऱ्यांच्या मनात स्विंगचा प्रसार करण्याचा हेतू खचितच नसावा.

आता पुणतांब्याकडे वळावयास हवे. चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले हे गाव नृत्यगृहापासून जितके दूर असावे तितके दूर आहे. अहमदनगर जिल्ह्याची स्वतःची नृत्यपरंपरा म्हणजे तमाशाची. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचे गाव. त्याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात अशी गाजली की फडाची कीर्ती अर्धी तिच्या नावावर जमा करावी लागते. या परंपरेत नाच हा पाहावयाचा विषय आहे, नाचावयाचा नव्हे. पाहणारा पुरुष, नाचणारी स्त्री, आणि तीही गावकुसाबाहेरच्या किंवा भटक्या जातीतील. घरंदाज पुरुष नाचलाच तर वारीच्या वाटेवर, लेझमीच्या फेरात किंवा मिरवणुकीत. घरंदाज स्त्री नाचली तर मंगळागौरीला, बंद दाराआड आणि स्त्रियांतच. पुरुषाने आणि स्त्रीने, पती-पत्नी असोत वा नसोत, चारचौघांत परस्परांचा हात धरून नाचावे अशी एकही जागा या समाजरचनेत नव्हती. याचे कारण केवळ धर्मात शोधणे बरोबर होणार नाही. नगर हे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र. तेथील ख्रिस्ती समाजात नारायण वामन टिळकांसारखा कवी होऊन गेला. परंतु त्या समाजाने स्वीकारली ती अभंगाची व कीर्तनाची वाट. उलट, वसई-वांद्र्याकडील मराठी बोलणारे ईस्ट इंडियन कॅथलिक आणि गोवेकर यांच्या लग्नघरांत युगुलनृत्य सहज रुजले. तेथे मामा-मावशी हेच शिक्षक आणि लग्नाचा मांडव हीच शाळा. नगरचा ख्रिस्ती आणि वसईचा ख्रिस्ती यांच्यातील हा फरक श्रद्धेपेक्षा मिशनच्या वळणाचा आणि घरगुती रिवाजाचा आहे.

चितळकरांचे शिक्षण या परंपरांपैकी कोणत्याही एकीत झालेले नाही. त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे रागसंगीताचे धडे घेतले. विष्णू दिगंबरांच्या या संप्रदायात शिस्तीला आणि भजनाला अग्रस्थान होते. अशा शाळेतून निघालेला विद्यार्थी नायक होण्याच्या आशेने चित्रपटात शिरला, ती आशा फोल ठरल्यावर मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीची साथ करू लागला, आणि तेथून संगीतदिग्दर्शक झाला. भगवानदादांशी त्यांची गाठ याच धडपडीच्या काळातील. भगवानांनी दिग्दर्शित केलेल्या १९४१ च्या 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटास चितळकरांचे संगीत होते. पुढील वर्षीच्या 'सुखी जीवन'पासून त्यांची हिंदीतील कारकीर्द सुरू झाली. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी गिटार व माउथ-ऑर्गन यांना शिट्टीची जोड दिली. या गमतीदार प्रयोगाला मिळालेल्या लोकप्रियतेने त्यांचा मार्ग निश्चित झाला.

येथे समीक्षकांच्या एका जुन्या सवयीचा विचार करणे आवश्यक आहे. सी. रामचंद्र यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या रचनांचे दोन गट पाडण्याचा प्रघात पडला आहे. १९५३ च्या 'अनारकली'तील रागाधिष्ठित रचना पहिल्या गटात. त्या त्यांच्या खऱ्या प्रतिभेच्या. 'शहनाई', 'अलबेला', १९५७ चा 'आशा' यांतील नाचऱ्या रचना दुसऱ्या गटात. त्या बाजाराच्या मागणीस्तव केलेल्या, उसन्या. या विभागणीमागील वृत्ती एकट्यादुकट्या समीक्षकाची नव्हती. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बा. वि. केसकर यांच्याकडे आले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकर मराठी, चितळकर मराठी, दोघांचेही संगीतप्रेम निर्विवाद. पण एकाच्या मते जे संस्कृतीचे अधःपतन, ते दुसऱ्याच्या हातून घडत होते. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

उसनेपणाचा आरोप सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. १९५० च्या 'समाधी'तील एका गाजलेल्या गीतावर १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटातील गीताची छाप उघड दिसते. परंतु स्विंगची लय ही काही एका चालीसारखी उचलून आणता येणारी वस्तू नव्हे. स्विंगमध्ये मात्रेचे दोन विषम भाग पडतात. पहिला लांब, दुसरा आखूड. त्यातच वाद्यवृंद चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर भर देतो. या दोहोंमुळे ऐकणाऱ्याच्या शरीरात एक झोका उत्पन्न होतो. ढोलकीच्या लग्गीत, केरव्याच्या आठ मात्रांच्या सांगाड्यात, वादक जे लांब-आखूड खेळवितो त्याचा परिणामही असाच झोक्याचा असतो. दोन्ही लयी एक नाहीत; त्यांच्या आघाताच्या जागा निराळ्या आहेत. परंतु ज्या कानाला एकीची सवय आहे त्याला दुसरी सर्वस्वी परकी वाटत नाही. चितळकरांची कामगिरी या जागी आहे. त्यांनी 'अलबेला'त बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांचा मेळ घातला, स्विंगबरोबर क्युबातील रुंबाचे ठेकेही मिसळले, पण चाल मात्र अशी ठेवली की कोणाही चाळकऱ्याला ती दुसऱ्यांदा ऐकताच गुणगुणता यावी. गाण्याचा आवाजही त्यांचा स्वतःचा; 'चितळकर' या नावाने त्यांनी भगवानांसाठी पार्श्वगायन केले. या आवाजात तालमीची लकब आहे, तयारीचे प्रदर्शन मुळीच नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने आपली विद्या इतकी लपवावी, हाच त्या विद्येचा पुरावा मानावयास हरकत नसावी.

चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार 'अलबेला'त केवळ ऐकू येत नाहीत, पडद्यावरही दिसतात. ताजमधील चौथऱ्यावर जे वादक श्रीमंतांच्या करमणुकीसाठी उभे राहत, ते येथे चार-आठ आण्यांच्या तिकिटावर कोणासही पाहावयास मिळाले. हा केवळ स्थळाचा पालट नाही. विद्येच्या वाटपाची ही नवी व्यवस्था आहे.

आणि आता शरीर. भगवानदादांचे वडील गिरणी कामगार. स्वतः भगवानांनीही मजुरी केली, मूकपटांत लहानसहान कामे केली, आणि पुढे अल्प खर्चाचे, मारामारीचे चित्रपट काढून गिरणगावच्या प्रेक्षकांत आपले स्थान मिळविले. कुस्तीचा त्यांना नाद होता. नृत्याचे रीतसर शिक्षण मात्र नव्हते, आणि शरीरयष्टी तर रूढ अर्थाने नर्तकाच्या नेमकी उलट. त्यांच्या नाचाचे वर्णन करणाऱ्या बहुतेकांनी 'सोपा' हे विशेषण वापरून विषय संपविला आहे. तो सोपा आहे हे खरे, पण कशामुळे सोपा आहे ते पाहिले पाहिजे. गुडघे किंचित वाकलेले. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश झुकतो. पावले वीतभर अंतराच्या पलीकडे जात नाहीत. हात अर्धे वर, मनगटे सैल. चेहऱ्यावर मिस्किल समाधान. उडी नाही, गिरकी नाही, मुद्रा नाही. लंडनच्या नृत्यशिक्षकाने या माणसास पहिल्याच दिवशी पाठ ताठ करावयास सांगितले असते. परंतु हार्लेमच्या नर्तकांची छायाचित्रे व चित्रफिती पाहिल्या असता तेथेही नेमके हेच दिसते : वाकलेले गुडघे, जमिनीकडे झुकलेला भार, शरीराच्या मध्यातून उमटणारा ठेका. बॉलरूममध्ये पैसे भरून शिकलेल्या मुंबईकरांपेक्षा, बॉलरूमशी संबंध नसलेला गिरणी कामगाराचा मुलगा मूळ नृत्याच्या अधिक जवळ पोहोचला, हे विधान धाडसाचे वाटले तरी चित्रफितीच्या आधारावर ते करता येते. याचे कारण आखाड्यातील पवित्र्यात शोधावे काय? कुस्तीगिराचा तोल गुडघ्यांत असतो, कण्यात नव्हे. मिरवणुकीत तासन् तास नाचणाऱ्यालाही हाच तोल राखावा लागतो, नाहीतर त्याचा दम टिकत नाही. हे अनुमान आहे. पण ज्या शरीराने आयुष्यभर श्रम केले त्याचा नाच श्रमिकांच्याच नाचासारखा व्हावा यात नवल नाही, मग ते श्रमिक हार्लेमचे असोत की परळचे.

'अलबेला' लागला असता प्रेक्षक जागा सोडून पडद्यापुढे नाचू लागत, नाणी उधळीत, अशी आठवण सांगितली जाते. नाणी उधळणे ही तमाशातील दौलतजादा. आसन सोडून स्वतः नाचणे ही मात्र नवी गोष्ट. प्रेक्षक नर्तक झाला, त्या क्षणी समूहनृत्य सुरू झाले असे समजावयास हवे. चित्रपटाच्या कथेत नवे असे फारसे नाही. नाटकवेड्या गरीब तरुणाची घरात होणारी हेटाळणी, घर सोडणे, रंगभूमीवरील यश आणि अखेर समेट, एवढाच तिचा पसारा. संकलन ढिले, विनोद काही ठिकाणी पोरकट. परंतु कथेचा एक धागा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे : ज्याला कोणी कलावंत मानावयास तयार नाही असा माणूस येथे नाचतो. त्यामुळे पाहणाऱ्याला नाचण्यासाठी परवानगी मिळते. शिक्षकाचे पहिले काम पाऊल दाखविणे हे नसून शिष्याचा संकोच घालविणे हे असेल, तर भगवानांइतका यशस्वी शिक्षक या भागात दुसरा झाला नाही.

तथापि जे शिकविले गेले त्यात एक मोठी उणीव राहिली, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून या त्रयीचे गुणगान करणे हे समीक्षेचे काम नव्हे. स्विंग हे मुळात जोडीचे नृत्य आहे. त्याचा गाभा पावलांत नसून दोन हातांच्या पकडीत आहे. एकाने सुचवावे, दुसऱ्याने स्वीकारावे किंवा त्यात भर घालावी, असा तो संवाद असतो. 'अलबेला'त गीता बाली भगवानांच्या शेजारी नाचतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची चपळाई भगवानांपेक्षा सरस आहे. पण प्रेक्षकांनी उचलला तो भगवानांचा नाच. वरातीत, गणेशविसर्जनात, गोविंदांच्या गर्दीत पुरुषांनी पुरुषांसोबत, बहुधा एकेकट्याने, तो नाचला. गीता बालींची पावले उचलणार कोण? चित्रपटगृहात स्त्रिया होत्या. त्यांनीही ती पाहिली. पण रस्त्यावर नाचणारी स्त्री म्हणजे तमासगीर, आणि तमासगीर स्त्रीची जात व प्रतिष्ठा समाजाने आधीच ठरवून टाकलेली. पवळेची कला ज्या भिंतीने गावाबाहेर ठेवली, त्याच भिंतीने घरंदाज स्त्रीला घरात ठेवले. शैलजा पाइक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ मधील ग्रंथात तमाशातील स्त्री, जात आणि अश्लीलतेची कल्पना यांचा जो संबंध उलगडून दाखविला आहे, त्याचा प्रकाश तमाशाबाहेरच्या या क्षेत्रावरही पडतो. अश्लील ठरविलेली स्त्री रस्त्यावर असल्यामुळे इतर स्त्रियांना रस्ता बंद झाला. स्विंगमधून जोडीदार वगळला गेला तो चितळकरांच्या वा भगवानांच्या इच्छेने नव्हे. त्यांच्या चित्रपटात तर जोडी आहे. ती वगळली प्रेक्षकांच्या समाजाने. शिक्षकाची पूर्वपीठिका जितकी निर्णायक, तितकीच शिष्याची.

या संदर्भात फ्रँकी मॅनिंग या अमेरिकन नर्तकाशी भगवानदादांची तुलना उद्बोधक ठरेल. मॅनिंगचा जन्म १९१४ चा, भगवानांचा १९१३ चा. मॅनिंग हा सॅव्हॉयच्या तक्तपोशीवर घडलेला, गुरूवाचून शिकलेला नर्तक. त्याने चित्रपटांत कामे केली, दौरे केले. पुढे लोकांची आवड पालटली आणि १९५५ च्या सुमारास त्याने टपालखात्यात नोकरी धरली. तेथे त्याने सुमारे तीस वर्षे काढली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन तरुण नर्तक त्याचा शोध घेत आले. आपण काही शिक्षक नव्हे, असेच त्याला प्रारंभी वाटत होते. परंतु त्यानंतर २००९ मध्ये निधन होईपर्यंत तो अमेरिकेत, स्वीडनमध्ये आणि अन्यत्र हजारो विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला. त्याचे बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते, हार्लेमशी त्यांचा संबंध नव्हता; आणि त्या विद्यार्थ्यांतूनच आजचे बहुतेक शिक्षक निघाले. नृत्य वाचले, पण ज्या समाजाने ते घडविले त्याची माणसे शिकविणाऱ्यांत थोडी उरली, ही तक्रार तेथील जाणकार आजही करतात, आणि ती रास्त आहे.

भगवानांचा उत्तरार्ध याहून वेगळा आहे. 'अलबेला'च्या यशानंतर काढलेले 'झमेला'सारखे चित्रपट चालले नाहीत. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि ते दादरच्या चाळीत परतले. पोटासाठी त्यांनी चित्रपटांत क्षणभराच्या भूमिका पत्करल्या. पुष्कळदा त्या भूमिकेत त्यांनी आपल्याच जुन्या नाचाची दोन पावले टाकावीत एवढीच दिग्दर्शकाची अपेक्षा असे. त्यांच्या शैलीची छाप अमिताभ बच्चन यांच्यापासून अनेक नटांच्या नाचावर दिसते, हे वारंवार लिहिले गेले आहे. परंतु शिष्यत्व पत्करून त्यांच्या दारी कोणी आले नाही. आली ती मिरवणूक. गणेशविसर्जनाच्या दिवशी मिरवणुका त्यांच्या चाळीपुढे थांबत, बँडवाले 'अलबेला'तील गीत वाजवू लागत, आणि वृद्ध भगवान खाली येऊन नाचून दाखवीत, असे सांगतात. मॅनिंगला वर्ग मिळाला, मानधन मिळाले, प्रत्येक पावलाला नाव देण्याची संधी मिळाली. भगवानांना यातील काही मिळाले नाही; पण त्यांचा नाच ज्यांचा होता त्यांच्याकडेच राहिला. पहिला प्रकार श्रेयस्कर की दुसरा, हे ठरविणे कठीण आहे. भुकेल्या कलावंताच्या दृष्टीने पाहता मात्र ते मुळीच कठीण नाही.

सी. रामचंद्र यांनी १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिले आणि १९८२ च्या प्रारंभी ते निवर्तले. चिक चॉकलेट त्यांच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये गेले. पुण्या-मुंबईत अलीकडे जोडीनृत्याचे रीतसर वर्ग निघाले आहेत; तेथे पाश्चात्त्य देशांतील शिबिरांत किंवा संगणकाच्या पडद्यावर शिकलेले तरुण-तरुणी एकमेकांचा हात धरून सहज नाचतात. या वर्गांतून शिकविल्या जाणाऱ्या स्विंगमध्ये मॅनिंगचे नाव असते, भगवानांचे नसते. त्यात आश्चर्य नाही, कारण त्यांची परंपरा खरोखरच निराळी आहे. आश्चर्य आहे ते विद्यापीठीय अभ्यासकांचे, की ज्यांनी लेझीम, फुगडी, बोहाडा यांच्या नोंदी केल्या, पण सत्तर वर्षे प्रत्येक मराठी वरातीत दिसणाऱ्या या नाचाची नोंद लोकनृत्य म्हणून केली नाही. त्याचा कर्ता ठाऊक असल्यामुळे तो लोकनृत्य ठरत नाही, आणि कर्त्याला शिक्षण नसल्यामुळे तो कलानृत्य ठरत नाही, अशी ही कोंडी आहे.

२०१६ मध्ये भगवानदादांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाई भगवान झाले, विद्या बालन गीता बाली. भगवानांची पावले शिकणे देसायांना त्या मानाने सुकर असावे. ती दर भाद्रपदात रस्त्यावर पाहावयास मिळतात. गीता बालींची पावले कोणत्याच रस्त्यावर उरली नव्हती. त्या स्वतः १९६५ मध्ये निवर्तल्या होत्या. शिकवावयास शिल्लक होती ती १९५१ ची चित्रफीत.